चालकाविना गाडी आणि आपले दोन रस्ते

नागपूरहून येणारा हमरस्ता सावनेरला दुभंगतो. एक फाटा पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलकडे जातो. तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४७. दुसरा सौंसरवरून सिल्लेवानीचा घाट ओलांडून छिंदवाड्याला पोचतो. त्याचा क्रमांक ५४७. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून नवा जिल्हा झाला आणि हे दोन्ही रस्ते एकाच जिल्ह्याच्या देखरेखीखाली आले. संत्र्याच्या बहरात या रस्त्यांवरून रात्रभर ट्रक धावतात. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणारे कापडही ट्रकनेच बाहेर पडते. या ट्रकांच्या सुकाणूमागे उद्या माणूस नसला तर काय, हा प्रश्न कुणाला आज पोरकट वाटेल. पण ज्या प्रश्नाची तयारी करावयास दहा-पंधरा वर्षे लागतात, तो वेळेवर विचारलेला बरा.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की चालकाविना गाडी एका दिवसात अवतरत नाही. ती पायरी पायरीने येते. अभियंत्यांनी शून्यापासून पाचापर्यंत अशा सहा पायऱ्या मानल्या आहेत. शून्यावर सारे काम माणसाचे. पहिलीवर यंत्र वेग किंवा सुकाणू यांपैकी एकच गोष्ट सांभाळते. दुसरीवर दोन्ही सांभाळते, पण माणसाने नजर काढावयाची नाही. तिसरीवर ठरावीक परिस्थितीत यंत्रच गाडी हाकते आणि अडचण आली की माणसाला हाक मारते. चौथीवर ठरवून दिलेल्या हद्दीत माणसाची गरजच उरत नाही. पाचवी पायरी म्हणजे कोठेही, केव्हाही, कसल्याही रस्त्यावर. ती अद्याप कोणी गाठलेली नाही. पहिल्या दोन पायऱ्या मात्र आपल्या देशात येऊन पोचल्या आहेत. समोर अडथळा दिसताच आपोआप ब्रेक लावणाऱ्या, पट्ट्याबाहेर जाऊ लागताच इशारा देणाऱ्या मोटारी आज नागपूरच्या दुकानात विकत मिळतात.

या यंत्राला डोळे असतात ते कॅमेऱ्याचे, रडारचे आणि लेसर किरणांचे. मेंदू असतो संगणकाचा. समोरची वस्तू माणूस आहे, सायकल आहे की झाडाची सावली, हे त्या मेंदूला शिकवावे लागते, आणि शिकवावयाचे म्हणजे हजारो चित्रे दाखवावयाची. येथेच खरी मेख आहे. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टेंपी शहरी उबर कंपनीच्या चाचणीच्या गाडीने रात्री रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीचा बळी घेतला. ती सायकल हाताने ढकलीत चालली होती. चौकशीत असे निष्पन्न झाले, की यंत्राला ती धडकेपूर्वी ५.६ सेकंद आधी दिसली होती. परंतु ती काय आहे याचा निर्णय होईना. कधी वाहन, कधी सायकल, कधी ‘इतर काही’. कारण विलक्षण होते. रस्ता ओलांडण्याच्या आखलेल्या जागेबाहेर माणूस चालत येईल, ही शक्यता रचनाकारांनी यंत्राला शिकविलीच नव्हती. गाडीत देखरेखीसाठी बसविलेल्या व्यक्तीचे लक्ष त्या वेळी मोबाईलवर होते.

आता हेच यंत्र पांढुर्ण्याच्या बाजारातून नेऊन पाहा! येथे आखलेल्या जागेवरून रस्ता ओलांडणारा माणूसच शोधावा लागेल. बैलगाडी, शेळ्यांचा कळप, उलट दिशेने येणारी मोटारसायकल, मागे लोखंडी सळ्या लोंबणारा ट्रॅक्टर. पोळ्याच्या दिवशी झूल पांघरलेला, शिंगे रंगविलेला बैल पाहून परदेशी शिकलेले यंत्र त्याला काय समजेल? दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या काठाकडे जाणारी वाट बंद होते, हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असते, पण नकाशात ते कोणी लिहिल्याशिवाय यंत्राला कळत नाही. म्हणून कारखानदारांचे पहिले काम हे, की आपले रस्ते यंत्राला आपल्याच रस्त्यांवरून शिकवावेत. हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने २०१८ मध्ये हैदराबाद आणि बंगळूर येथील रस्त्यांच्या सुमारे दहा हजार चित्रांचा संग्रह सिद्ध केला. त्यात ऑटोरिक्षा आणि जनावरे यांचे वर्ग वेगळे ठेवले आहेत. आपल्याच राज्यात भोपाळला स्वायत्त रोबोट्स ही लहानशी कंपनी चालकाविना जीप चालविण्याचे प्रयोग गजबजलेल्या रस्त्यांवर करीत आली आहे. इंदूरजवळ पीथमपूरला ११.३ किलोमीटर लांबीचा वेगचाचणीचा मार्ग २०२१ मध्ये खुला झाला. साधने दूरची नाहीत. परंतु संत्र्याच्या मोसमातील आडरस्ता, पावसाळ्यातील घाट आणि धुके यांची चित्रे त्या संग्रहांत यावयास हवीत.

याबाबतीत नागपूरने एक उपयुक्त पायंडा पाडला आहे. २०२१ च्या सप्टेंबरात तेथे ‘आयरास्ते’ नावाचा उपक्रम सुरू झाला. महानगरपालिकेच्या बसगाड्यांवर धडकेचा इशारा देणारी यंत्रे बसविण्यात आली. चालक जागचा हलला नाही; त्याला एक दक्ष सोबती मिळाला. शिवाय कोणत्या वळणावर पुनःपुन्हा इशारे वाजतात हे पाहून, अपघात घडण्यापूर्वीच धोक्याची जागा हेरता येते. सिल्लेवानीच्या घाटात जाणाऱ्या गाड्यांवर असा प्रयोग झाल्यास त्याला चालकाविना गाडीची वाट पाहावी लागणार नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. या आकड्यापुढे यंत्राला सरसकट नकार देणे मला जमत नाही.

नकार देणारे मात्र साधे गृहस्थ नव्हेत. केंद्रीय परिवहनमंत्री आणि नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरातच सांगितले, की चालकाविना मोटारी आपण भारतात येऊ देणार नाही, कारण लक्षावधी चालकांची रोजी जाईल. ही काळजी खरी आहे. आमच्या वर्गात काही मुलांचे वडील ट्रकवर असतात. वडील घरी केव्हा येतात असे विचारले, तर ती मुले वार सांगत नाहीत, हंगाम सांगतात. तरीही केवळ ‘येऊ देणार नाही’ एवढ्याने तयारी होत नाही. वरच्या पायरीला बंदी घालता येते. खालच्या पायऱ्या त्या बंदीला विचारीत नाहीत, आणि चालकाचे काम तर त्याच पायऱ्यांवर बदलू लागते.

सरकारच्या हाती कायदा आहे आणि तो पुरता रिकामा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या २ब कलमान्वये संशोधनासाठी काही वाहनांना सूट देता येते. सदोष गाड्या कारखान्याला परत घ्यावयास लावण्याचा, आणि रस्ता निकृष्ट बांधणाऱ्याला दंड करण्याचा अधिकारही त्याच दुरुस्तीने आला. उणीव आहे ती दुसऱ्याच ठिकाणी. गाडी यंत्राच्या हाती असताना अपघात झाला तर गुन्हेगार कोण? भारतीय न्याय संहितेच्या १०६ (२) या कलमात अपघात करून, खबर न देता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशभर चाके थांबविली. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली, तेव्हा ते उपकलम तेवढे बाजूला ठेवण्यात आले. ज्या चालकाला माणूस म्हणून एवढे भय आहे, त्याला उद्या यंत्राच्या चुकीचाही धनी करावयाचे काय? ब्रिटनने २०२४ च्या कायद्याने याचे उत्तर दिले आहे: अधिकृत ठरविलेली गाडी स्वतः चालत असेल तेव्हा ती चालण्याच्या रीतीबद्दल आत बसलेल्या माणसाला दोषी धरावयाचे नाही, जबाबदारी त्या यंत्रणेचा भार स्वीकारणाऱ्या संस्थेची. आपल्याकडे हा नियम गाडी येण्यापूर्वी व्हावा.

त्यास जोडून आणखी एक. २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ कंपनीच्या चालकाविना गाडीखाली एक स्त्री फरफटत गेली. फरफटीची गोष्ट कंपनीने अधिकाऱ्यांना पुरती सांगितली नाही. त्याच महिन्यात तिचा परवाना स्थगित झाला आणि पुढे खोटा अहवाल दिल्याचे तिला कबूल करावे लागले. तात्पर्य, गाडीतील नोंदवही ही कंपनीची खाजगी मालमत्ता राहता कामा नये. ती पोलिसांना आणि विमा कंपनीला पाहावयास मिळाली पाहिजे. नपेक्षा जखमी शेतकरी आणि मोठा कारखाना यांच्या दाव्यात पुरावा एकाच पक्षाच्या कपाटात राहील.

रस्त्याविषयी फार लिहावयास नको. पट्टे पुसलेले, फलक झाडाआड गेलेले आणि खड्डा आज येथे तर उद्या तेथे, अशा स्थितीत यंत्रही चाचपडते. हे काम माणसासाठीच व्हावयाचे होते.

राहता राहिला चालक. अमेरिकेत २०२५ मध्ये डल्लास-ह्यूस्टन मार्गावर ऑरोरा कंपनीने चालकाविना मालाचा ट्रक सोडला. काही दिवसांतच ट्रक बनविणाऱ्या कारखान्याच्या विनंतीवरून पुढच्या आसनावर एक माणूस पुन्हा बसविण्यात आला. आपल्याकडेही यंत्र आले तर ते प्रथम सरळ, चौपदरी महामार्गावर येईल. बागेतून निघालेली वाट, नाल्यावरची मोरी, ताडपत्री आवळणे, मंडईत गाडी मागे घेणे, ही कामे दीर्घकाळ माणसाचीच राहतील. पण लांब पल्ल्याची कमाई गेली आणि आखूड फेऱ्या उरल्या, तर मजुरी कशी मोजावयाची? किलोमीटरवर मोजली तर चालक बुडाला. तासावर मोजली, वाट पाहण्याचे तासही त्यात धरले, तर तो तरेल. ट्रकमालकांच्या आणि चालकांच्या संघटनांनी हा हिशेब आताच मांडावा. आणि आज जो पोरगा क्लीनर म्हणून फडके मारीत चालकाचे शिक्षण घेतो, त्याला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कॅमेरा आणि रडार यांची दुरुस्ती शिकविण्याची सोय पांढुर्ण्यात आणि सौंसरला व्हावी. कारण धुळीने माखलेला तो डोळा रस्त्याच्या कडेला पुसावा लागेल तेव्हा तेथे त्याच्यासारखाच कोणी तरी हजर असावा लागेल.