तपासणीच्या पडद्याआड

परिचारिका अरुणा शानबाग म्हटलं की परळ-लालबागच्या माणसाला केईएम रुग्णालयातली ती खोली आठवते, तिला चार दशकं जपणाऱ्या परिचारिका आठवतात. खटला मात्र फारसा कुणाला आठवत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून तिच्यावर अत्याचार केला. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, ती जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल. लैंगिक अत्याचाराचं कलम लागलंच नाही.

हल्लेखोर डॉक्टर नव्हता, हे खरं. पण रुग्णालयात घडलेला अत्याचार कागदावर भलत्याच नावाने उतरतो, ही खोड तिथे उघडी पडली. आरोप डॉक्टरवर असला की ते नाव असतं ‘तपासणी’.

गिरगावातल्या चाळीखालचा दवाखाना घ्या. बाहेर बाकडं, आत हिरवा पडदा, त्यामागे रेक्झिनचं टेबल. डॉक्टर आजीच्या वेळेपासूनचे. तपासून घ्यायला आलेल्या मुलीच्या कांजिण्याही त्यांनीच पाहिलेल्या. तिथे काही विपरीत घडलं तर ती आधी स्वतःवरच शंका घेते: असंच तपासत असतील का? घरी बोललीच, तर ‘अगं, देवमाणूस आहेत ते’ हे ऐकावं लागतं. तक्रारीला उशीर होतो तो असा, आणि पुढे कोर्टात तोच उशीर तिच्या अंगावर येतो.

कायदा एवढा भाबडा नाही. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या मुलीवरील बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना सोडून दिलं, त्यावरून पुढे मुंबईसह देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. त्यातून आलेल्या १९८३ च्या दुरुस्तीत पोलीस कोठडीच्या जोडीला रुग्णालयही बसलं. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ नुसार रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याने तिथल्या स्त्रीवर बलात्कार केल्यास किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे. मात्र कलम ६३ ला एक अपवाद जोडलेला आहे: वैद्यकीय प्रक्रिया बलात्कार ठरत नाही. अपवाद हवाच, नाहीतर प्रसूतितज्ज्ञांनी काम कसं करायचं? पण आरोपीही त्याच्याच आड लपू पाहतो. मग सगळं बारीकसारीक गोष्टींवर येऊन ठेपतं. दुखणं गुडघ्याचं होतं, तर ही तपासणी कशासाठी? आत नर्स होती का? हातमोजे होते का? केसपेपरवर नोंद आहे का? म्हणून केसपेपर, चिठ्ठी, पावती यातलं काहीही फेकू नये.

अमेरिकेतल्या लॅरी नासर प्रकरणाची मेख हीच होती. जिम्नॅस्ट मुलींचा हा डॉक्टर वर्षानुवर्षं ‘उपचार’ म्हणत राहिला. २०१४ मध्ये तो नोकरीला असलेल्या विद्यापीठाने चौकशी केली, मत विचारलं त्याच्याच ओळखीच्या तज्ज्ञांना, आणि तो सुटला. २०१६ मध्ये त्याची जुनी रुग्ण रेचल डेनहॉलंडर पोलिसांत गेली ती जुनी वैद्यकीय कागदपत्रं हातात घेऊन. २०१८ च्या जानेवारीत १५६ जणींनी कोर्टात आपली कहाणी मांडली.

आपल्याकडे पोलीस काही वेळा ‘आधी वैद्यकीय मंडळाचं मत आणा’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाची २००५ ची ती अट निष्काळजीपणाच्या तक्रारींपुरती आहे. लैंगिक अत्याचाराशी तिचा संबंध नाही. दुसरा मार्ग फारसा कुणाला ठाऊक नसतो. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात रुग्णालय आणि नर्सिंग होम ‘कामाचं ठिकाण’ आहे, आणि तक्रारदार तिथली नोकरदार असायलाच हवी असं नाही. म्हणजे रुग्ण स्त्रीही अंतर्गत समितीकडे जाऊ शकते, तीन महिन्यांच्या आत. दवाखान्यात दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

रुग्णालयात काम करणाऱ्या बायकांनाही हे सोपं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये केईएममधल्या महिला डॉक्टरांच्या तक्रारीवरून न्यायवैद्यक विभागातल्या एका वरिष्ठ अध्यापकाविरुद्ध भोईवाडा पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण कायदा आणि शरीर दोन्ही जाणणाऱ्या विभागातून अशी तक्रार यावी, याची नोंद घ्यायलाच हवी.

उरली महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, लालबागहून हाकेच्या अंतरावर, चिंचपोकळीच्या साने गुरुजी मार्गावर. डॉक्टरने रुग्णाशी गैरवर्तन केल्यास कारवाई, असं डॉक्टरांच्या आचरणाबद्दलचे २००२ चे नियम सांगतात. सहा महिन्यांत निकालाची अपेक्षाही त्यात आहे. निकाल पटला नाही तर कुणाही पीडिताला वर दाद मागता येत असे. पण २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३० मध्ये अपिलाचा हक्क लिहिलाय फक्त डॉक्टरच्या नावे, आणि त्याच कलमावर बोट ठेवून आयोगाने रुग्णांची अपिलं परत पाठवली.