मांजरेच्या काठचं पाखराचं हाड

घरात शहाबादी फरशी असेल तर एकदा पुसून नीट बघा. एखाद्या फरशीवर नेच्याच्या पानासारखी काळसर नक्षी दिसते. दगडात झाड अडकलंय असंच वाटतं. प्रत्यक्षात भेगेत झिरपलेल्या पाण्यातलं मँगनीज तसं पसरलेलं असतं. कलबुर्गीकडचा हा चुनखडक हाडांचे प्राणी पृथ्वीवर येण्याआधीचा, त्यात हाड मिळायचंच नाही. बिदरचा जांभा आणखी फसवा. त्यातल्या नळ्या आणि पोकळ्या थेट किडलेल्या हाडासारख्या, पण तो काळ्या दगडाची झीज होऊन तयार झालेला आहे. आणि काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यातही हाड मिळायचं नाही. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कुठे तळ्याचा गाळ दबला असेल तेवढाच अपवाद. गुरमटकलजवळच्या अशा गाळात तिळाएवढ्या कवचांचे जलजीव मिळाले आहेत.

हाड शोधायचं ते नदीकाठी. मांजरा बालाघाटात उगम पावते आणि लातूरवरून बिदर जिल्ह्यात येते. तिच्या दरडींत वाळू-गोट्यांचे जुने थर उघडे पडतात. लातूर जिल्ह्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना अशाच थरांत हिमयुगातल्या हत्तींचे आणि रानबैलांचे अवशेष मिळाले. हत्तीची दाढ ओळखायला सोपी: पावाचे काप उभे चिकटवावेत तशा तिच्या चकत्या. कासवाच्या पाठीचा तुकडा मात्र पुष्कळांना कवटीचा वाटतो.

पाखराचं हाड सगळ्यांत अवघड. ते पोकळ आणि पातळ, त्यामुळे गोट्यांच्या लोंढ्यात सहसा टिकत नाही. हलकं म्हणजे पक्ष्याचं, हा नियम ताज्या हाडाला ठीक. जीवाश्मात खनिजं भरली की हलकेपणा जातो. बोटभर नळी हातात आली तर तुटलेलं टोक बघावं. पक्ष्याच्या नळीची भिंत जाडीच्या मानाने फार पातळ असते, कधी कधी आत बारीक आडव्या काड्या टेकूसारख्या दिसतात. तेवढ्यावरही निकाल देऊ नये, सशाचं हाडही पोकळच असतं. खरी खूण सांध्याकडच्या टोकाला. पक्ष्याच्या पायाचं खालचं हाड अनेक हाडं जुळून एक झालेलं असतं आणि त्याच्या टोकाला बोटांसाठी बहुधा तीन कप्प्या असतात. ते टोक तुटलं असेल तर कसलेला अभ्यासकही प्राण्याचं नाव घ्यायला कचरतो, आणि तेच बरोबर आहे.

मग दख्खनच्या जुन्या पाखरांचा पुरावा कुठला? अंड्याच्या टरफलांचा. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथे शं. अ. साळी यांनी १९७०च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याची टरफलं मिळाली. एका तुकड्यावर माणसाने कोरलेली आडव्या-उभ्या रेघांची नक्षी आहे. वय सुमारे २५,००० वर्षं. पुढे २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेच्या संशोधकांनी भारतातल्या अशा टरफलांतून डीएनए काढून ती शहामृगाचीच असल्याचं दाखवलं.

कोंबडीच्या टरफलाच्या पाचपट जाड, जवळपास दोन मिलिमीटरचा हा तुकडा पहिल्या नजरेला खापरच वाटतो. पण कड उन्हात धरली तर एकसंध चुन्यासारखी दिसते आणि पृष्ठभागावर भिंगाखाली श्वासाची बारीक छिद्रं उमटतात. बिदरच्या दरडीत खापरं वेचताना तेवढं बघावं. उचलण्याआधी शेजारी नाणं ठेवून फोटो घ्यावा, थराची उंची टिपावी. कारण थर हरवला की वय सांगणं फार अवघड होतं.