खतखड्ड्यातले उंदीर आणि विषाची पुडी
खोडाळ्यात भात-नागली घरात आली की मागोमाग उंदीरही येतात, आणि दोष मात्र परसातल्या खतखड्ड्याला लागतो. खरं तर उंदराला कुजका पाला नको असतो; त्याला शिजलेलं अन्न आणि बिळासाठी कोरडी, कुणी न हलवलेली जागा हवी असते. म्हणून उरलेला भात, भाकरी, मासळीचे काटे खड्ड्यात नकोत. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला ठेवावा, आठवड्यातून एकदा वरखाली करावा. ‘एवढं कशाला, विष ठेवलं की झालं!’ असं कुणी म्हणेल. पण विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या, मांजराच्या पोटात जाऊ शकतो, आणि उंदीर फुकटात मारणारे तेच तर आहेत! खड्ड्याऐवजी खताचं पिंप असेल तर तळाला अर्ध्या इंचाहून बारीक जाळी लावा, तीही लोखंडी. प्लास्टिक उंदीर कुरतडतो. पावसाळ्यात ढीग उपसताना हातमोजे घाला, कारण उंदराच्या मुतातून लेप्टोचा आजार पसरतो.