मार्गदर्शक विद्यार्थी आणि गुप्ततेची मर्यादा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१९ च्या 'दीक्षारंभ' योजनेत नव्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शक असावा असे म्हटले आहे. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात असे विद्यार्थी-मेंटॉर नेमले, त्यांत मीही होतो. शाळेत 'नावे' आणि 'जमा' शिकलेल्या मुलापुढे एकदम डेबिट-क्रेडिट आले की सोपी खतावणीही अवघड वाटते, हे मी स्वतः भोगलेले. शिवाय कन्नड येत असल्याने बिदरकडची दोन मुले माझ्याकडे आली. हिशेब समजावणे एवढेच आपले काम, अशी माझी समजूत. प्रशिक्षण कोणी दिले नाही. खरे सांगायचे तर मीही मागितले नाही.

त्यांतल्या एकाने एकदा घरची गोष्ट सांगितली. "अण्णा, कोणाला सांगू नका," म्हणाला. मी वचन दिले. दोन दिवसांनी, काही मदत होईल म्हणून, कँटीनमध्ये एका मित्राला सांगितले. आठवड्याच्या आत ती वर्गभर झाली. मुलगा माझ्याशी बोलेनासा झाला. माझा हेतू चांगला होता, पण त्याला त्याचा काय उपयोग?

यंदा मात्र दोन दिवसांचे प्रशिक्षण झाले. तेव्हा कळले की मी वचन मोडले हे चुकलेच, पण तसे वचन दिले हेही चुकले. पहिल्याच भेटीत सांगावे : 'तू बोलशील ते माझ्याजवळ राहील. मात्र तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, तर मी समुपदेशकांना सांगीन, आणि आधी तुला कळवीन.' हे ऐकायला सोपे वाटते. जोडीजोडीने सराव करताना आम्ही बहुतेक जण अडखळलो. समोरचा दुखावेल असे वाटते. पैसे घेऊ नयेत, गृहपाठ करून देऊ नये, आपली कामे सांगू नयेत, हे नियम त्या मानाने सरळ. (शेवटचा प्रकार तर रॅगिंगच्या फार जवळ जातो.)

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, विशाखापट्टणमच्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या खटल्यात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवा, आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवे, असे सांगितले. प्राध्यापकांनाही जे शिकावे लागते, ते आम्हा वीस वर्षांच्या पोरांना उपजत कसे येणार? समुपदेशक नसतील त्या वेळी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

त्या मुलाची मी माफी मागितली. मर्यादेची वाक्ये मी कन्नडमध्येही लिहिली होती. ती त्याला दाखवली. त्याने न बोलता एक शब्द दुरुस्त करून कागद परत दिला.