समोरच्याची सही

एफवायच्या प्रवेशाच्या दिवसांत ठाण्यातल्या एका कॉलेजच्या कट्ट्यावर दरवर्षी तोच सल्ला फिरतो. तिसरा विषय कोणता घ्यायचा कळत नसेल तर फिलॉसॉफी घे, सर एकदम रिलॅक्स आहेत. रिलॅक्स म्हणजे काय, हेही सल्ला देणारा सांगून टाकतो. रोल कॉल घेत नाहीत. उशिरा आलं तर दारात उभं करत नाहीत. मोबाइल दिसला तर ओरडत नाहीत. नोट्स लिहून देत नाहीत, म्हणजे लिहून घ्यायचाही त्रास नाही. आणि परीक्षेत काहीही लिहिलं तरी पास करतात. यातली शेवटची गोष्ट खोटी आहे, पण ते कळायला पहिली इंटर्नल उजाडावी लागते.

गेल्या पावसाळ्यात सरांच्या परवानगीने मी टीवायच्या ‘धर्माचं तत्त्वज्ञान’ या पेपरच्या तासांना अधूनमधून मागच्या बाकावर जाऊन बसत होतो. त्यांची अट एकच होती, त्यांचं आणि कॉलेजचं नाव कुठे यायला नको. “नाव आलं तर ऑफिसातून मस्टर मागतील,” ते म्हणाले. मुंबई विद्यापीठाची पंचाहत्तर टक्के हजेरीची अट त्यांना माहीत आहे. ती पाळण्यासाठी एक कागद बाकाबाकांवरून फिरतो आणि ज्याला आठवण होते तो सही करतो. सर त्या कागदाकडे पाहत नाहीत.

एफवायला या विषयाला बाक पुरत नाहीत. टीवायला जी मुलं उरतात ती दोन शेअर रिक्षांत मावतील. कुणी टिटवाळ्याची, कुणी बदलापूरची, दोघं डोंबिवलीची, एक दिव्याची, एक मुंब्र्याचा, एक भिवंडीहून बसने येणारा. सकाळी साडेसातचं लेक्चर. दिव्याच्या मुलीला गर्दीमुळे पहिली गाडी बहुतेक वेळा सोडावीच लागते, त्यामुळे ती आठला दहा मिनिटं कमी असताना येते. दार ढकलते, बसते. सर बोलता बोलता तिच्याकडे वळून दोन वाक्यांत मागचं सांगतात आणि पुढे जातात. अठरा-वीस वर्षांच्या या मुलांना ते ‘अहो-जाहो’ करतात. पहिल्या आठवड्यात मुलांना वाटतं, चेष्टा चाललीय. “तुम्ही म्हणालात ते मला नीट समजलं नाही, पुन्हा सांगता का?” असं एखाद्या मुलाला म्हणून ते खरोखरच थांबतात. मग तो मुलगा अडचणीत येतो, कारण तो जे म्हणाला ते त्यालाही नीट समजलेलं नसतं.

जगातल्या दुःखाचा प्रश्न ज्या दिवशी घेतला तो तास मला चांगला आठवतो. देव सर्वशक्तिमान आहे, दयाळू आहे, तरी दुःख आहे. मग यातलं काय सोडायचं? पाठ्यपुस्तकात हा मुद्दा 1 नोव्हेंबर 1755 च्या लिस्बनच्या भूकंपापासून सुरू होतो. सणाचा दिवस, चर्च भरलेली, आणि सगळं कोसळलं. सरांनी लिस्बनचं नाव घेतलं, व्होल्तेअरचं घेतलं आणि तिथेच सोडून वांगणीला आले. 27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. हजारावर प्रवासी होते आणि सगळे सुखरूप बाहेर निघाले. गाडीचं नावच महालक्ष्मी, त्यामुळे देवीनेच वाचवलं असं तेव्हा घरोघरी म्हटलं गेलं.

बदलापूरची मुलगी म्हणाली, “सर, त्याच पाण्यात आमचं तळमजल्याचं घर होतं. माझी दहावीची पुस्तकं गेली. ते पाणी कुणी सोडलं?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, “हा आरोप झाला. आता आरोपीची बाजू तुम्हीच मांडा.” तिने नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. इतका वेळ कुणी बोललं नाही की मला मागे अस्वस्थ व्हायला लागलं. शेवटी तीच बोलली. पूर्वकर्म, मग माणसाला दिलेलं स्वातंत्र्य, मग नदीपात्रात इमारती कुणी बांधल्या. एकेक पायरी चढत गेली आणि तिसऱ्या पायरीवर स्वतःच चिडली, कारण उत्तर तिच्या अपेक्षेपेक्षा बरं निघत होतं. तेव्हा कुठे सरांनी सांगितलं की ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा, असे दोन्ही आरोप ठेवलेले आहेत, आणि ते ठेवणारा ईश्वर मानणारा आहे. दुसऱ्या कुणी विचारण्याआधी त्याने स्वतःलाच विचारलं. “म्हणजे बदलापूरचा प्रश्न जुना आहे,” एवढं बोलून ते कॅन्टीनकडे निघाले. तास संपायला अजून अवकाश होता.

त्यांच्या ढिलाईला तळ आहे हे इंटर्नलला कळतं. विषय ज्याचा त्याने निवडायचा, पण बाजू आपल्याला न पटणारी घ्यायची. तिच्या बाजूने तीन पानं लिहायची. आणि सबमिशनच्या आधी ती पानं, ते मत खरोखर मानणाऱ्या माणसाला वाचून दाखवायची. त्या माणसाला ‘हो, माझं म्हणणं हेच आहे’ असं वाटलं तर त्याने खाली सही करायची. सही नसलेला कागद सर घेत नाहीत. पुस्तकातलं उतरवलेलं चालत नाही, कारण पुस्तक सही करत नाही. ज्या मुलांनी तीन वर्षं उशिरा येऊन काढली, त्यांची यात दोन-दोन आठवडे धावपळ होते. कट्ट्यावरच्या सल्ल्यात हा भाग नसतो.

डोंबिवलीचा एक मुलगा घरात कडवा नास्तिक म्हणून प्रसिद्ध आहे. त्याने ‘देवदर्शन’ हा विषय घेतला आणि सहीसाठी आत्याकडे गेला. आत्या दर अंगारकीला टिटवाळ्याला जाते, रांगेत पाच-सहा तास उभी राहते. मुलाने लिहिलं होतं की माणसाला अनिश्चिततेची भीती वाटते, म्हणून तो देवळात जातो. आत्याने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, “भीतीनं कोण जातं? मी नाही जात.” त्याने बदलून लिहिलं, इच्छापूर्तीसाठी. तेही तिने परत दिलं. गेल्या कित्येक वर्षांत काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. मग तो वैतागून म्हणाला, तूच सांग. ती म्हणाली, “त्या रांगेत मला कुणी काम सांगत नाही. पुढे सरकायचं, एवढंच.” हे त्याने लिहिलं, खाली तिचं आणखी थोडं लिहिलं, आणि सही मिळाली. मला त्याने हे कल्याणला जाणाऱ्या स्लो गाडीत दारापाशी उभं राहून सांगितलं. त्याचं मत बदललेलं नाही. देव नाही, हे तो अजूनही ठामपणे सांगतो. पण ‘लोक भीतीपोटी देवळात जातात’ हे वाक्य आता त्याच्या तोंडून निघत नाही, कारण आत्या समोर येते.

विरोधकाचं म्हणणं आधी त्याला मान्य होईल असं मांडायचं आणि मग खोडायचं, ही शिस्त आपल्याकडच्या दर्शनग्रंथांना नवी नाही. पूर्वपक्ष मांडल्याशिवाय उत्तरपक्ष नाही. याचा एक परिणाम मला या तासांत पहिल्यांदा नीट उमगला. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ सगळे गेले. आज चार्वाक आपल्याला माहीत आहे तो मुख्यतः त्याच्या विरोधकांमुळे. माधवाचार्यांच्या चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त पहिलंच दर्शन चार्वाकाचं आहे, आणि माधवाचार्य वेदान्ती. त्यांनी तो विपर्यास करून मांडला असेल का, असं मुंब्र्याच्या मुलाने विचारलं. सर म्हणाले, असेलही. सही करायला चार्वाक उरला नव्हता. सहीची कल्पना त्यांना तिथून सुचली की ती आधीच होती, हे मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले.

ते स्वतः मे. पुं. रेगे यांचं नाव घेतात. रेगे (1924–2000) दादरच्या कीर्ती कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, पुढे तिथेच प्राचार्य झाले. ‘नवभारत’ मासिक आणि मराठी विश्वकोश यांतून मराठी वाचकाला ते ठाऊक आहेत. 1983 मध्ये पुण्यात रेगे, दया कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अजब बैठक भरवली. एका बाजूला न्याय-मीमांसेचे परंपरागत पंडित, दुसऱ्या बाजूला इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकलेले प्राध्यापक. चर्चेला विषय बर्ट्रंड रसेलचा, विधान म्हणजे काय याबद्दलचा, आणि तो पंडितांपुढे ठेवला संस्कृतातून. पंडितांनी रसेलला पूर्वपक्ष म्हणून घेतला आणि कामाला लागले. रेगे आस्तिक होते. त्यांचे समकालीन दि. य. देशपांडे, नागपूरहून ‘आजचा सुधारक’ काढणारे, पक्के विवेकवादी आणि निरीश्वरवादी. या दोघांचे लेख सर वर्गात एकाच दिवशी देतात, वरची नावं झाकून, आणि कोण कुठल्या बाजूचा ते ओळखायला लावतात. मी चुकीचं ओळखलं असतं, पण मला कुणी विचारलं नाही.

सगळ्यात अवघड तास ठाण्याचा होता. एप्रिल 1321 मध्ये चीनला निघालेले चार फ्रान्सिस्कन धर्मगुरू ठाण्यात उतरले आणि इथेच मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस त्यांच्यातला म्हातारा. तेव्हा इथे दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. गुरू उतरले होते ते घर नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबाचं. त्या घरातल्या नवरा-बायकोच्या भांडणावरून प्रकरण काझीपुढे गेलं, तिथे धर्मावर वाद झाला, काझीने पैगंबरांविषयी विचारलं आणि मिळालेल्या उत्तरावर मृत्यूची शिक्षा झाली. पुढे थोड्या वर्षांत पोर्देनोनेचा ओदोरिक इथे आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि थेट चीनपर्यंत नेल्या. ही हकिगत आपल्याला मुख्यतः त्याच्याकडून कळते.

ज्या शहरात आपण रोज उतरतो तिथे हे घडलं, हे वर्गात एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. सरांनी हकिगत सांगितली आणि विचारलं, “यात काझीची बाजू कुणी लिहिली?” कुणीच नाही. “मग आज आपण लिहू.” इथे मला वाटलं, आता काहीतरी बिनसणार. हल्लीच्या दिवसांत असा विषय वर्गात काढायला एक तर धाडस लागतं किंवा बेफिकिरी, आणि या माणसात कुठली किती आहे याचा मला तोवर अंदाज आला नव्हता. भिवंडीच्या मुलाकडे दोघा-तिघांनी वळून पाहिलं. सरांनी ते टिपलं. “ते नाही. काझीची बाजू टिटवाळेकर मांडतील. भिवंडीकर थॉमसची मांडतील.” टिटवाळ्याच्या मुलाने सुरुवात केली ती कायद्यापासून. काझी न्यायाधीश आहे, त्याच्यासमोर उच्चारलेला शब्द कागदावर घेतल्यासारखाच, तो ऐकून न ऐकल्यासारखं कसं करणार? भिवंडीचा मुलगा म्हणाला, विचारलं नसतं तर थॉमस बोलला नसता; विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत होतं. मग तो थांबला आणि म्हणाला, पण मी थॉमस असतो तर खोटं बोललो असतो. यावर अर्धा तास गेला. ओदोरिकच्या हकिगतीप्रमाणे दिल्लीच्या सुलतानाने पुढे इथल्या अधिकाऱ्यालाच शिक्षा केली, ही माहिती सरांनी अगदी शेवटी दिली. त्यावर पुन्हा सगळे भांडले.

हे सगळं छान वाटतं, पण याची किंमत आहे आणि ती मुलंच भरतात. ऑगस्टपर्यंत पहिलं युनिटसुद्धा पूर्ण झालं नव्हतं. अन्सेल्म आणि गौनिलो यांचा वाद, पास्कलची पैज, विल्यम जेम्सचे धार्मिक अनुभवांचे प्रकार हे सगळं परीक्षेत येतं. त्यातलं निम्मं मुलांनी कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सवर भागवलं. दिव्याची मुलगी यूपीएससी करणार आहे. मुख्य परीक्षेत 2013 पासून नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे, आणि तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय म्हणून घेतला तर दुसरा पेपर अर्धा धर्माच्या तत्त्वज्ञानाचाच. ती म्हणाली, “मला एका प्रश्नाला दीडशे शब्दांत उत्तर लिहायचंय. सर एका प्रश्नाला दीड आठवडा घेतात.” तिने दादरला क्लास लावला आहे. क्लासमधले सर मुद्दे देतात, आकृती देतात, वेळ लावून लिहून घेतात. मी सरांपुढे हे काढलं तेव्हा त्यांनी बचाव केला नाही. तिचं बरोबर आहे, म्हणाले, आणि चहा मागवला. मला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. शिकवणाऱ्याने प्रश्नात रमावं हे ठीक, पण वेळापत्रकही त्याचंच काम आहे.

तरीही याच मुलीचा कागद सगळ्यांत गाजला. ती घरात रोज देवपूजा करणारी. तिने ‘ईश्वर नाही’ ही बाजू घेतली आणि सहीसाठी शेजारच्या एका निवृत्त कामगाराकडे गेली. त्यांनी डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यात आयुष्य काढलेलं, युनियनमध्ये होते, देव मानत नाहीत. काकांनी तिची तीन पानं लाल पेनाने भरून टाकली. समासात जागा संपली तेव्हा मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलं. तिने मांडलेला निरीश्वरवाद त्यांना फारच मवाळ वाटला होता. खाली सहीच्या जागी होतं, “सही करणार नाही. रविवारी परत या.” ती रविवारी गेली, पुन्हा तेच. सबमिशनची तारीख आली तेव्हा तिच्याकडे सही नव्हती. लाल आणि निळ्या अक्षरांत रंगलेले दोन खर्डे तेवढे होते. तिने तेच दिले. सरांनी सही नसलेला कागद पहिल्यांदाच घेतला आणि तिला वर्गात सर्वाधिक मार्क दिले.

यावर डोंबिवलीचा नास्तिक संतापला. माझ्या आत्याने सही केली, सगळ्या अटी मी पाळल्या, मग मला कमी का? सरांनी त्याला शांतपणे सांगितलं, लेखी अर्ज करा. मात्र अर्जात आधी मी तिला जास्त मार्क का दिले, ती माझी बाजू लिहा. मी खाली सही केली, तर तुमचे मार्क वाढवतो. अर्ज दोनदा परत आलाय. तिसरा तो आत्याला दाखवून मग देणार आहे.