पेटीतला दाखला आणि २८ वर्षांचा तुरुंग

जून उजाडला की आमच्या खडकवासल्याच्या विहारात रविवारी माझ्यापुढे अर्जांची चळत पडते. मी पेशाने कारकून. त्यामुळे वस्तीतल्या मुलांच्या प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे, जातीच्या दाखल्याचे कागद भरून देण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले आहे. यंदा एक ताई थोरल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आल्या. त्यावर जन्मतारीख होती १ जून.

"ताई, खरी तारीख हीच का?"

"कुठली ओ दादा! पोरगा दिवाळीनंतरचा. सहा पुरी नाहीत म्हणून शाळेत घेईनात. मी कामावर जाणार, त्याला घरी कुणापाशी ठेवू? मग लावली एक जून. पाच-सहा महिन्यांनी काय बिघडतंय?"

विहारात बसलेले सगळेच हसले, कारण आमच्यातल्या निम्म्यांचा वाढदिवस एक जूनला येतो! मीही हसलो. पण त्यांचा प्रश्न मनातून जाईना. पाच-सहा महिन्यांनी काय बिघडते? बंधू-भगिनींनो, कधी कधी सारे आयुष्य बिघडते. त्याचा दाखला आपल्या पुण्यातच आहे.

२६ ऑगस्ट १९९४ रोजी कोथरूडला पौड रस्त्यावर एका घरातील सात जणांची हत्या झाली. त्यात पाच स्त्रिया आणि दोन लहान मुले होती. राठी हत्याकांड म्हणून ते आजही पुणेकरांच्या स्मरणात आहे. या खटल्यात नारायण चेतनराम चौधरी या राजस्थानातून आलेल्या आरोपीला १९९८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. १९९९ साली उच्च न्यायालयाने आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तिन्ही ठिकाणी तो सज्ञान म्हणूनच उभा राहिला. त्याचे खरे वय काय, हे शोधून काढणारे त्याच्या बाजूला कोणी नव्हते.

पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील वकिलांनी त्याचे प्रकरण हाती घेतले. बिकानेर जिल्ह्यातील त्याच्या गावच्या शाळेत नोंद सापडली. नाव निरानाराम, जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. हिशेब सोपा होता. गुन्हा घडला त्या दिवशी त्याचे वय होते १२ वर्षे ६ महिने. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली आणि २७ मार्च २०२३ रोजी ही नोंद खरी मानून त्याला मुक्त केले. बालकाला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता आले असते. हा तर २८ वर्षे तुरुंगात होता, आणि त्यातली बहुतेक फासाच्या छायेत.

मी हे वाचून दाखवले तेव्हा एक वयस्कर मावशी ताडकन म्हणाल्या, "आणि ज्यांची माणसं गेली त्यांचं काय रे बाबा?" प्रश्न रास्त आहे. त्या घरातले सात जीव कुठल्याही निकालाने परत येणार नाहीत, आणि त्यांच्या दुःखापुढे आपण मान खाली घालूनच बोलले पाहिजे. पण बारा वर्षांच्या मुलाला फाशी देऊन त्या घराला न्याय मिळाला असता का? सुरुवातीलाच वयाची नीट चौकशी झाली असती, तर त्या कुटुंबालाही २८ वर्षांनंतर जुनी जखम उघडी पडलेली पाहावी लागली नसती. संविधान सभेत ३ जून १९४९ रोजी फाशीचा विषय निघाला, तेव्हा फाशीची शिक्षाच रद्द करणे अधिक योग्य, असे मत खुद्द बाबासाहेबांनी मांडले होते.

आता कायदा समजून घेऊ. १९८६ च्या कायद्यात मुलगा १६ वर्षांपर्यंत आणि मुलगी १८ वर्षांपर्यंत बालक मानली जाई. २००० च्या कायद्याने दोघांनाही १८ ची मर्यादा लावली. २०१५ च्या कायद्याने १६ ते १८ वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात, बाल न्याय मंडळाने तपासणी केल्यानंतर, मोठ्यांसारखा खटला चालवण्याची वाट उघडली. पण तेव्हाही फाशी देता येत नाही, आणि सुटकेची आशाच नाही अशी जन्मठेपही देता येत नाही. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करारही हेच सांगतो, आणि आपल्या देशाने तो १९९२ साली स्वीकारला आहे.

पॅरोलविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. अमेरिकेत पॅरोल म्हणजे मुदतीआधी सशर्त सुटका. आपल्याकडे पॅरोल आणि फर्लो म्हणजे ठरावीक दिवसांची रजा. ती संपली की परत कोठडीत. फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर १४ वर्षे प्रत्यक्ष भोगल्याखेरीज शासनाला शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही. म्हणजे मूल चुकून मोठ्यांच्या रांगेत गेले, की जिथे तीन वर्षांत वाट मोकळी होणार होती तिथे चौदा वर्षांनी केवळ अर्ज करता येतो.

हे भोगतो कोण? नाशिकच्या एका खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली होती. सारे भटक्या जमातीतले गरीब मजूर. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे २०१२ साली सिद्ध झाले. आणि २०१९ साली त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली! उलट मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. सतरा वर्षांच्या त्या श्रीमंत मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट पडली. पुण्यात संताप उसळला. पण नुसता संताप करून भागणार नाही. बालकांचा कायदा त्याच्यासाठी आहे, तसाच आपल्या पोरांसाठीही आहे. फरक इतकाच की त्याचे कागद आणि वकील पहिल्या तासाला हजर असतात, आपले वर्षानुवर्षे सापडत नाहीत.

वय ठरवताना आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहतात. ते नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. म्हणूनच ती 'लावलेली' एक जून घात करू शकते. खरे वय १७ वर्षे १० महिने, दाखल्यावर १८ वर्षे ३ महिने. एक वाट बाल न्याय मंडळाकडे जाते, दुसरी मध्यवर्ती कारागृहाकडे. दोन्ही येरवड्यातच आहेत, पण अंतर आयुष्यभराचे.

म्हणून मातांनो, आजच घरातली पत्र्याची पेटी उघडा. जन्मदाखला आणि शाळेतली तारीख जुळते का पाहा. जन्म ज्या हद्दीत झाला तिथेच नोंद असते. खडकवासला २०२१ साली महापालिकेत आले, त्याआधी गावात झालेल्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात शोधावी लागेल. दुरुस्ती मूल शाळेत आहे तोवरच मागा. दहावीचे प्रमाणपत्र हाती पडल्यावर ते फार जिकिरीचे होते. मात्र वय कमी करून लावण्याचा मोह नको. खोटा दाखला खऱ्या पोरांवरचाही विश्वास उडवतो.

आणि वस्तीतल्या कुणाच्या मुलाला पोलिसांनी नेलेच, तर घाबरून घरात बसू नका. वयाचा पुरावा घेऊन जा. अल्पवयीन मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांत मंडळापुढे न्यावे लागते. वकिलाला पैसे नसतील तर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. शिक्षा होऊन गेली असली तरी वयाचा मुद्दा कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो.

त्या ताईंच्या मुलाची दहावी अजून व्हायची आहे. त्याचा जन्मदाखला काढायला पुढच्या सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. आणखी कुणाला यायचे असेल तर रविवारी विहारात कागद घेऊन या. जयभीम!