जगाच्या इतिहासाचा स्वाध्याय

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसणारे, परंतु कोणत्याही शिकवणी-वर्गास न जाणारे विद्यार्थी आपल्याकडे थोडेथोडके नाहीत. तालुक्याच्या गावी राहावयाचे, दिवसा कोठे तरी नोकरी करावयाची आणि रात्री अभ्यासिकेत बसावयाचे, असा यांचा क्रम. राज्यघटना, भूगोल, अर्थव्यवस्था हे विषय ते नेटाने ओढतात. जगाचा इतिहास समोर आला, की मात्र धीर सुटतो. एकट्याने हा विषय करावयाचा झाल्यास तो कसा करावा, एवढाच विचार येथे आम्हांस मांडावयाचा आहे.

प्रथम मैदान केवढे आहे ते पाहू. २०१३ साली मुख्य परीक्षेची जी नवी रचना झाली, तीत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत हा विषय आला. अभ्यासक्रम अवघ्या एका वाक्यात मावतो: अठराव्या शतकापासूनच्या घटना, म्हणजे औद्योगिक क्रांती, महायुद्धे, राष्ट्रांच्या सीमांची फेरआखणी, वसाहतींची स्थापना व त्यांचा अंत, आणि साम्यवाद, भांडवलशाही, समाजवाद यांसारख्या विचारप्रणाली. बाबिलोन आणि रोम ज्यांस प्रिय आहेत त्यांनी ते अवश्य वाचावेत, पण परीक्षा झाल्यावर. प्रश्नपत्रिका २५० गुणांची, वेळ तीन तास, प्रश्न २०. त्यांत जगाच्या इतिहासाचे प्रश्न मोजकेच. म्हणून कोणी हा विषय सोडूनच देतो, तर कोणी जाडजूड ग्रंथ आणून पहिल्या पानापासून आरंभ करतो. ही दुसरी चूक सज्जनांची आहे. आम्हीही तीच केली होती. सारा पावसाळा फ्रेंच राज्यक्रांतीत गेला, आणि दिवाळी आली तेव्हा नेपोलियन अजून मॉस्कोच्या वाटेवरच होता!

त्याहून मोठी चूक आमच्या टाचणांत होती. आम्ही देशवार वह्या केल्या होत्या: अमेरिकेची एक, इंग्लंडची एक, इजिप्तची एक. प्रत्येक वहीत सनावळ्या चोख. पण एका वहीतून दुसरीत जाण्यास दार म्हणून नव्हते. आणि आयोग विचारतो ते बहुधा त्या दाराबद्दलच.

आपल्या घरच्या कापसाचेच उदाहरण घेऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांस जो कापूस मुख्यतः तेथून जात असे तो थांबला. गिरणीवाल्यांनी इतरत्र हात पसरले. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या भागांवर सट्टा खेळला जाऊ लागला. १८६५ च्या एप्रिलात दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, भाव कोसळले, आणि प्रेमचंद रायचंदांसारखा सट्ट्याचा राजाही त्यात बुडाला. ही हकिकत आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक असते. पण ती येथेच संपते असे समजून विद्यार्थी वही मिटतो.

तोच पूर इजिप्तमध्येही आला होता. कापसाच्या भरवशावर खेदीव इस्माईलने रेल्वे, कालवे, राजवाडे यांवर हात सैल सोडला. भाव उतरल्यावर कर्ज तेवढे वाढत राहिले. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, आणि १८७५ मध्ये त्या कालव्यातील आपले भाग त्याला सुमारे ४० लाख पौंडांस इंग्लंडला विकावे लागले. १८८२ मध्ये इंग्रजी फौजा इजिप्तमध्ये उतरल्या. कालव्याच्या काठावरून त्या अखेरच्या हलल्या १९५६ च्या जूनमध्ये. आणि पुढच्याच महिन्यात नासेरने कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. धागा एकच, पण तो आमच्या तीन वह्यांत तुटून पडला होता.

२०१४ साली आयोगाने विचारले, की १९५६ चा सुवेझचा पेच कोणत्या घटनांतून उद्भवला, आणि महासत्ता म्हणून ब्रिटनची जी स्वतःविषयीची कल्पना होती तिला त्याने अखेरचा धक्का कसा दिला? घोकंपट्टी करणारा येथे पहिल्या अर्ध्यातच शाई संपवितो: आस्वान धरणाचे अमेरिकेने नाकारलेले अर्थसाहाय्य, २६ जुलैचे राष्ट्रीयीकरण, २९ ऑक्टोबरची इस्रायलची चढाई, मागोमाग इंग्रज-फ्रेंचांचा हल्ला. हे सारे बरोबर आहे. परंतु गुण आहेत ते उत्तरार्धात. रणांगणावर ब्रिटन हरले नव्हते. पौंड घसरू लागला आणि अमेरिकेने तो सावरण्यास हात देण्याचे नाकारले, तेव्हा त्याला थांबावे लागले. आपल्या मर्जीने युद्धही चालविता येत नाही, हे त्या देशाला त्या आठवड्यात कळले. जानेवारी १९५७ मध्ये पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला. हे लिहिण्यास चार वाक्ये पुरतात, पण ती सुचण्यासाठी १८७५ चा व्यवहार डोळ्यांपुढे असावा लागतो.

ग्रंथांची उणीव ही सबब आम्हांस फारशी पटत नाही. पंडित नेहरूंनी जगाच्या इतिहासावरील पत्रे १९३० ते १९३३ या काळात बहुतांशी तुरुंगात लिहिली. तेथे ग्रंथालय नव्हते, जुन्या टाचणवह्या होत्या. आज मराठी विश्वकोश घरबसल्या वाचता येतो, आणि आयोगाला उत्तरेही मराठीतून लिहिता येतात. खरी उणीव तपासनिसाची आहे. वर्गातल्या मुलाची वही कोणी तरी तांबड्या शाईने रंगवितो; एकट्याची कोण रंगविणार?

यावर आम्हांस एकच उपाय सापडला. वीस प्रश्नांस तीन तास, म्हणजे एकास नऊ मिनिटे. घड्याळ लावून उत्तर लिहावे आणि ते न वाचताच आठ दिवस बाजूस ठेवावे. मग प्रश्न पुन्हा वाचावा, आणि उत्तरातील जी वाक्ये खरोखर त्या प्रश्नास उद्देशून आहेत त्यांखालीच रेघ ओढावी. आमच्या सुवेझवरच्या पहिल्या उत्तरात अशी वाक्ये दोन निघाली होती.